गावचे नाटक आणि घरची माणसे

गेल्या श्रावणात मी कन्हेरीला गेलो होतो. बारामतीपासून हे गाव जवळच आहे, आणि तेथील मारुतीचे देऊळ साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. दर्शन घेऊन मी बाहेर आलो, तो पावसाची भुरभुर सुरू झाली. म्हणून जवळच राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीच्या घरी जाऊन बसलो. तिची मुलगी सातवीत शिकते. एरवी मला पाहताच गोष्टीचा हट्ट धरणारी ही मुलगी त्या दिवशी मात्र कोपऱ्यात गाल फुगवून बसली होती.

कारण विचारले तेव्हा उलगडा झाला. तिच्या आळीतील चार घरांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत एक नाटक करायचे ठरवले होते. नाटक परीकथेचे होते. त्यात राजा होता, हरवलेली राजकन्या होती आणि तिला पळवून नेणारी चेटकीणही होती. अट एकच होती, की प्रत्येक घरातील लहानथोर सर्वांनी त्यात काही ना काही काम घ्यावे. पण आमच्या दाजींना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, हा बेत पसंत नव्हता. ते मला म्हणाले, "तुम्ही तिला उगाच चढवून देऊ नका. सहामाही परीक्षा तोंडावर आली आहे. शिवाय नाटक म्हणजे चार लोकांच्या हसण्याचा विषय." त्यावर मुलगी म्हणाली, "मामा, आता तुम्हीच सांगा!"

त्या वेळी चहाचा पेला हातात होता आणि दाजी समोर होते. म्हणून मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मुलांनो, जे मी तेव्हा बोललो नाही, ते आज तुम्हांला सांगतो. मला असे वाटते, की गावात नाटक होणार असेल तर तुम्ही नुसते पाहायला जाऊ नये. त्यात एखादे काम मागून घ्यावे. आणि शक्य असेल तर आपल्या आईवडिलांनाही बरोबर ओढावे.

प्रथम लोकांच्या हसण्याचीच गोष्ट घेऊ. दाजी म्हणतात ते खरे आहे, लोक हसतात. परंतु हसण्यातही प्रकार आहेत. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत 'पँटोमाइम' नावाचा खेळ करण्याची फार जुनी चाल आहे. हा शब्द ऐकून आपल्याला मूकनाट्य आठवते. पण हा खेळ मुळीच मुका नसतो. सिंड्रेलाची किंवा अल्लाउद्दिनाच्या दिव्याची गोष्ट घेतात, तीत गाणी आणि विनोद भरतात, आणि एखादा धिप्पाड पुरुष लुगड्याऐवजी झगा घालून म्हातारीचे सोंग घेतो. दुष्ट मनुष्य चोरपावलांनी नायकाच्या मागे आला, की समोर बसलेली सारी मुले ओरडून नायकाला सावध करतात! मोठ्या शहरांतील नाट्यगृहांत हा खेळ धंदेवाईक नट करतात; पण खेड्यापाड्यांच्या सभागृहांत तो गावचेच दुकानदार, शिक्षक, गृहिणी आणि मुले बसवतात.

हे वाचून आपल्याकडील काही आठवते की नाही? तमाशातील गवळणीत गौळणींबरोबर जी ठसकेबाज 'मावशी' येते, ती पुरुषच असतो. एकनाथमहाराजांची भारुडे सादर करणारा मनुष्यही लुगडे नेसतो, कपाळाला ठसठशीत कुंकू लावतो आणि हसवता हसवता परमार्थ सांगतो. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली, आणि २०१८ साली ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा ती भूमिका वैभव मांगले यांनी केली. दोघेही पुरुष, आणि दोघांनाही पाहून मुले भीतीने किंचाळत आणि लगेच खदखदा हसत. अशा हसण्यात कोणाची मानहानी होत नाही. उलट वर्षभर ज्यांच्या धाकाने आपण मान वर करीत नाही, ते गुरुजी एके रात्री चेटकिणीचे लांब नाक लावून झाडूवर बसलेले दिसले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याबद्दलचा आदर कमी होत नाही. फक्त भीती थोडी कमी होते. हा तोटा आहे असे कोणास वाटत असेल तर वाटो. मला तरी तो लाभ वाटतो.

आता अभ्यासाचा मुद्दा. येथे मी खोटे बोलणार नाही. नाटकाच्या दिवसांत अभ्यास थोडा मागे पडतो. ज्याने कधी नाटकात काम केले आहे, त्याला हे मान्य करावेच लागेल. गणित सोडवताना तोंडात संवाद घोळतात, आणि रात्री उशिरापर्यंत तालीम चालली तर सकाळी शाळेत डुलक्या येतात. यावर उपाय आहे. मुलांच्या प्रवेशांची तालीम संध्याकाळी आधी उरकावी आणि परीक्षेच्या आठवड्यात ती बंद ठेवावी. नाटक बसवणाऱ्या मोठ्या माणसांनी एवढे पाळलेच पाहिजे. पण अभ्यास बुडतो म्हणून नाटकच नको म्हणणे, हे विहिरीत पाय घसरेल म्हणून पोहायलाच न शिकण्यासारखे आहे.

आपल्या भाषेकडे जरा लक्ष द्या. 'उगाच नाटके करू नकोस' असे घरात म्हणतात, तेव्हा नाटक म्हणजे ढोंग असा अर्थ असतो. हा झाला नाटकाचा एक अपमान. पण हीच मराठी भाषा नटाला विचारते, 'तू नाटकात कोणते काम करतोस?' आणि तसेच पाहिले तर ते कामच असते. नाटक आपण 'बसवतो', आणि नीट बसले म्हणजे ते 'उभे राहते', ही आणखी एक गंमत! त्याच्या सरावाला 'तालीम' म्हणतात. तुमच्या गावातील कुस्तीच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात ना? तेथे मल्ल जसा एकच डाव शंभर वेळा करून पाहतो, तसेच येथे एकच वाक्य शंभर वेळा म्हणावे लागते. कधी आवाज दबतो, कधी हात कोठे ठेवावेत ते कळत नाही, आणि 'जा' म्हटल्यावर आपण नेमके चुकीच्या बाजूने जातो. हळूहळू मात्र आपल्याला दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबता येऊ लागते. वर्गात ही सवय किती जणांना असते, ते तुमचे तुम्हीच पाहा.

गावच्या नाटकांना लोक 'हौशी' नाटके म्हणतात आणि म्हणताना किंचित नाक मुरडतात. पण मराठी नाटकाचा आरंभच पाहा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यांना आश्रय होता. त्यापूर्वी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, आणि तसे काही आपल्या भाषेत करावे अशी त्यामागे इच्छा होती. त्या वेळी मराठीत नाटक कसे करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. भाव्यांनी पदे रचली. ती सूत्रधाराने गायची, आणि पात्रांनी प्रसंग ओळखून आपापली भाषणे स्वतःच जुळवून बोलायची, अशी ती रीत होती. म्हणजे आपल्या रंगभूमीचे पहिले नट एका अर्थी तुमच्याआमच्यासारखेच नवशिके होते. पुढे १९५४ साली सरकारने हौशी संस्थांसाठी राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली. त्या स्पर्धेतून अनेक नामवंत नट आणि लेखक पुढे आले. दिवसा कचेरीत काम करून रात्री तालमीला जाणारी ही माणसे होती. हौस म्हणजे ढिलाई नव्हे. उलट पगार नसताना जो वेळेवर येतो, त्याची शिस्त मला अधिक मोलाची वाटते.

पण मला खरे सांगायचे आहे ते निराळेच. त्यासाठी माझ्या लहानपणीची एक गोष्ट सांगावी लागेल. ती ज्या गावात घडली त्याचे नाव सांगत नाही, कारण ती कोणत्याही गावात घडली असती.

या गोष्टीला साठ वर्षे होत आली. आमच्या गावी जत्रेला दरवर्षी एक ऐतिहासिक नाटक होई. सगळी पात्रे गावचीच. फक्त स्त्रीभूमिकेसाठी बाहेरगावाहून नटी ठरवून आणीत. गावातील मुलीने अगर बाईने रंगमंचावर जाणे म्हणजे अघटितच होते. त्या वर्षी मला निशाण धरून उभे राहण्याचे काम मिळाले होते. बोलायला एक शब्दही नव्हता, तरी मी आठ दिवस जमिनीवर चालत नव्हतो!

माझी थोरली बहीण आक्का तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचे अक्षर मोत्यासारखे. म्हणून नाटकाच्या सगळ्या नकला तिनेच लिहून काढल्या होत्या. प्रत्येक पात्राला त्याची भाषणे वेगळ्या कागदावर उतरवून देतात, त्याला नक्कल म्हणतात. लिहिता लिहिता आक्काला सारे नाटक पाठ झाले. त्यात एका मावळ्याच्या बहिणीचे काम होते. भाऊ लढाईत पडल्याची बातमी येते आणि ती त्याची तलवार उचलून घेते, असा तो प्रवेश. आक्का भाकऱ्या थापताना ते भाषण पुटपुटत असे. चुलीपुढे बसून, एवढ्याशा आवाजात. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा येई.

जत्रेच्या रात्री नऊ वाजले तरी नटीचा पत्ता नव्हता. वाटेत मोटार बिघडली होती, असे मागाहून कळले. मैदान माणसांनी भरून गेले होते. गॅसबत्त्या फुरफुरत होत्या. पडद्यामागे मोठी माणसे डोक्याला हात लावून बसली होती. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "हिला सगळे पाठ आहे." सर्वांनी आक्काकडे पाहिले. ती दाराशी नकलांचे भेंडोळे घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. पण तिचे डोळे मला अजून दिसतात. क्षणभर सगळे गप्प झाले. मग एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "घरच्या मुलीला का चारचौघांत नाचवायची?" झाले. विषय संपला.

शिंप्याच्या मुलाला लुगडे नेसवले. मिसरूड फुटलेला तो मुलगा भीतीने थरथरत होता, कारण त्याला एक अक्षरही येत नव्हते. आक्काला विंगेत कंदील देऊन बसवले आणि तिने मागून एकेक वाक्य सांगायचे, असे ठरले. मला त्या वेळी म्हणता आले असते, की तिलाच जाऊ द्या. मी म्हटले नाही. अशा बोलण्याने आपले निशाण काढून घेतील, अशी मला धास्ती वाटली. माझ्या त्या मौनाची मला आजही लाज वाटते.

तो करुण प्रवेश आला. शिंप्याचा मुलगा घोगऱ्या आवाजात आक्काचे शब्द बोलू लागला आणि मैदानात हशा पिकला. तो गोंधळला आणि गप्पच झाला. आक्काने वाक्य पुन्हा सांगितले. त्याला ऐकू गेले नाही. तिने आणखी मोठ्याने सांगितले. आणि मग तिला भान राहिले नसावे, कारण ती थांबलीच नाही. भाषण शेवटपर्यंत बोलत गेली. पडद्याआडून येणारा तो आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. हशा थांबला. शिंप्याचा मुलगा शहाणा होता. त्याने नुसती तलवार उचलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या कोणाला होत्या, याची वाच्यता दुसऱ्या दिवशी गावात कोणीही केली नाही.

आता विचार करा. पुण्यामुंबईच्या रंगभूमीवर पूर्वी पुरुषच स्त्रियांची कामे करीत, आणि बालगंधर्वांसारख्या नटाने त्या कामांना अपूर्व वैभव मिळवून दिले, हे खरे. पण १९३३ साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले, तेव्हा त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. ज्योत्स्नाबाई भोळे त्यांपैकी एक. आमची आक्का विंगेत बसली, ती त्यानंतर तीस वर्षांनी! शहरापासून खेड्यापर्यंत यायला काही गोष्टींना आगगाडी मिळत नाही, त्या पायीच येतात.

म्हणूनच कन्हेरीच्या त्या चार घरांची अट मला एवढी आवडली. 'घरातील सर्वांनी काम घ्यायचे' असे म्हटले, की आई आली, आजी आली, मुलगीही आली. मुलगी रंगमंचावर एकटी नसते; तिचा भाऊ प्रधान असतो, चुलता द्वारपाल असतो, आणि आई रंगपटात कोणाच्या तरी मिशा चिकटवत असते. मग 'चारचौघांत' या शब्दात भिण्यासारखे काय उरते? ते चौघे घरचेच असतात.

कोणी म्हणेल, आज करमणुकीला काय तोटा आहे? जत्रेत वाद्यवृंद येतो, आणि घराघरांत मोबाइलवर हवे ते नाटक दिसते. खरे आहे. पैसे घेऊन कला दाखवणाऱ्या कलावंतांना मी मुळीच कमी लेखत नाही; विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडे भाताची कापणी झाली, की रात्र रात्र झाडीपट्टीची नाटके चालतात आणि त्यांवर कितीतरी कुटुंबे पोट भरतात. माझे म्हणणे एवढेच, की पाहणे आणि करणे यांत अंतर आहे. तुमच्या तालुक्यातीलच उदाहरण घ्या. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली, की काटेवाडीला तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. ते रिंगण मोबाइलवरही दिसते. पण ज्या धनगराच्या मेंढ्या पालखीभोवती धावतात, त्याने जे पाहिले ते मोबाइलवर दिसत नाही.

आणखी एक सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना राजा किंवा राजकन्याच व्हायचे असेल. नाटकात एकच राजा असतो. उरलेल्यांनी रुसून बसू नये. पडदा ओढणाऱ्याने हात आखडला, तर राजाला सिंहासनावर तसेच ताटकळत बसावे लागते. ज्याच्याकडे शंख फुंकण्याचे काम आहे, तो नेमका त्या वेळी भजी खायला गेला तर काय होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. युद्ध सुरूच झाले नाही! दोन्ही सैन्ये एकमेकांकडे पाहत उभी राहिली आणि शेवटी सेनापतीने तोंडानेच 'भोंऽ' असा आवाज काढला. लोक अजून त्याला त्याच नावाने हाक मारतात.

नवरात्रात मी पुन्हा कन्हेरीला गेलो. माझ्या भाचीला राजकन्येचे काम मिळालेले नाही; ते शेजारच्या आठवीतल्या मुलीला मिळाले. भाची चेटकिणीच्या वाड्यावरचा तिसरा पहारेकरी झाली आहे. तिला एकच वाक्य आहे. दाजी अजूनही म्हणतात, की हा सारा वेळेचा अपव्यय आहे. पण मी गेलो तेव्हा ते ओसरीवर मोटारीच्या जुन्या टायरचे तुकडे कापून पहारेकऱ्यांसाठी ढाली तयार करीत होते, आणि मुलगी वाक्य विसरली, की मान वर न करता तेच ते पुरे करीत होते. चेटकिणीसाठी अजून कोणी पुरुष मिळालेला नाही. त्यांच्या उंचीकडे सगळ्यांचे लक्ष आहे, हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मला सांगता येत नाही.

परत आल्यावर मी आक्काला दूरध्वनी केला. आता ती पंचाहत्तरीकडे झुकली आहे. कानाने जरा कमी ऐकते. मी तिला सगळी हकीकत सांगितली. चार घरे, परीकथा, पहारेकरी भाची, टायरच्या ढाली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, तिला नीट ऐकू आले नसावे. मग तिने विचारले,

"विंगेत कोण बसणार आहे रे?"